सोनीला मी वाचवलं नव्हतं

सोनीची गोष्ट तुम्ही माझ्याकडून कधी ना कधी ऐकली असेलच. आमच्या बाजूला ती न ऐकलेलं माणूस मिळायचं नाही. लग्नाच्या मांडवात, वाचनालयाच्या ओट्यावर, एसटीची वाट बघताना, जिथं चार कान सापडतील तिथं मी ती सांगत आलो. उपाशी मरायला टाकलेली कुत्री मी कशी सोडवून आणली, आणि पुढं तिनं विलायती साहेबाच्या जीपला कसं मागं टाकलं. जीपचं खरं आहे. बाकीचं — बाकीचं माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आईला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं म्हणूनच आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही.

कुठून सुरुवात करू? कुत्रीपासूनच करतो. माझ्यापासून केली तर मी पुन्हा स्वतःची बाजू घेईन. ती खोड माझी जुनी आहे.

साठच्या दशकातली ती वर्षं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आमचा सगळा किनारा डोळे विस्फारून बघत होता. आमची वाडी तिथून सायकलच्या अंतरावर — चिकू, थोडे माड, पुढच्या अंगाला घर. वडील गेलेले. घरात आई आणि मी. मी तेवीस वर्षांचा, एका ठेकेदाराच्या स्टोअरवर कारकून. सकाळी मजुरांना पहारी, फावडी, घमेली द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची, एवढंच काम. पण पँट घालून जायचो आणि मजूर मला ‘बाबू’ म्हणायचे. तेवढ्यानंही मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

त्या मजुरांत सिदू होता. जत-सांगोल्याकडचा धनगर, मातीकामाच्या टोळीत. वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल, बोलणं अगदी कमी. पहार घ्यायला यायचा तेव्हा त्याच्या मागं दोन हातांवर ती कुत्री येऊन बसायची. उंच, किनाऱ्याच्या वाळूच्या रंगाची, लांब निमुळतं तोंड, पोट पाठीला टेकलेलं. बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. दुसऱ्या कुणाकडं बघायचीच नाही. स्टोअरसमोर शंभर माणसं आरडाओरडा करायची, पण हिची नजर सिदूच्या टाचेवरून हलत नसे. मी पहार देताना हात थांबवून तिच्याकडं बघत राहायचो. जनावर इतकं शांत बसू शकतं?

आणि मला सिदूचा राग यायचा. आमच्या किनाऱ्यावरची कुत्री तुम्ही बघितली आहेत ना? मासळीची डोकी खाऊन टुमटुमीत. ही मात्र हाडांची मोळी. मला वाटायचं, पोटाला घालता येत नाही तर पाळतो कशाला हा?

पाऊस सरत आला होता तेव्हा एक दिवस सिदू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मजुरांच्या झोपड्यांकडं गेलो. कुत्री दाराशी खुंटीला बांधलेली होती. समोर पाणी होतं. एका थाळीत पोळीचे तुकडे होते, तिनं तोंड न लावलेले. शेजारच्या झोपडीतली बिहारकडची बाई बाहेर आली आणि म्हणाली, “उसको बुखार में पालघर ले गए, बाबूजी. बोल के गया है, कुत्ती को देखना. मैं रोटी देती हूँ, ये खाती नहीं.”

हे वाक्य नीट ऐका, कारण माझ्या गोष्टीत ते कधीच नसायचं. गोष्टीत मालक पळून गेलेला असायचा. थाळीही नसायची.

मी बाईला म्हटलं, मी घेऊन जातो. तिला हायसंच वाटलं. “ले जाओ. वो आएगा तो बता दूँगी.” मी दोरी सोडली. कुत्रीनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्या सायकलमागं चालू लागली. का आली असेल? मला वाटतं, पहार देणारा हात तिनं ओळखला होता. सिदूचं रोज ज्याच्याशी काम पडतं तो माणूस, म्हणून आली.

आईनं तिला बघितलं आणि हातातली केरसुणी तशीच राहिली. “ही कुत्री हाय का हरणाचं पाडस? नुसती हाडं हायत रे!” मग आम्ही दोघांनी त्या हाडांवर मांस चढवायचं मनावर घेतलं. भात आणि कालवण, सुके बोंबील, वर म्हशीचं तूप. आठ दिवसांत तिचं पोट बिघडलं. उभं राहवेना. मी घाबरून आमच्या मुकादमाला विचारलं, तो सांगलीकडचा. तो पोट धरून हसला. “बाबू, ही कारवानी हाय. शिकारीची जात. हिच्या बरगड्या दिसनाशा झाल्या तर आजारी समजायची. भाकरी-ताक घाला, आन् पळवा.”

म्हणजे सिदूनं तिला उपाशी ठेवलंच नव्हतं. कुत्री कशी असावी तशीच ती होती. हे मला त्या दिवशी, त्या क्षणी कळलं. पण तोवर मी अर्ध्या गावाला सांगून बसलो होतो की मालकानं हिला मारायला टाकली होती. आई शेजारणींना सांगत होती, माझ्या पोरानं जीव वाचवला. आता तोंड वर करून म्हणायचं काय — की मीच अडाणी? नाही म्हटलं. गप्प बसलो. गप्प बसणं मला सोपं वाटलं, आणि गंमत म्हणजे ते सोपंच होतं.

भाकरी-ताकावर ती आठवड्यात सावरली. मी तिचं नाव सोनी ठेवलं. आणि एका पहाटे ओहोटीला तिला समुद्रावर नेऊन दोरी सोडली.

हे कसं सांगू? आमची वाळू ओहोटीला कडक होते, मैलभर मोकळी. सोनी आधी नुसती उभी राहिली, वाऱ्याकडं नाक करून. मग लांब पाण्याच्या कडेला पक्ष्यांचा थवा उठला — आणि ती निघाली. मी कुत्री पळताना बघितली नव्हती असं नाही. पण हे पळणं नव्हतंच. चारही पाय एकदम पोटाखाली यायचे, एकदम सुटायचे, आणि मध्ये ती कुठंही टेकलेली नसायची. आवाज नाही. वाळूवरच्या पातळ पाण्यात उमटणारी टपटप, तेवढी मागून ऐकू यायची. बघता बघता ती ठिपका झाली, आणि मी चार पावलं टाकतो न टाकतो तोवर परत माझ्यासमोर उभी, जीभ बाहेर, डोळे शांत. मी वाळूत बसलोच. माझे डोळे भरून आले होते. असं काही आपल्या घरात, आपल्या ओटीवर झोपतं — मला विश्वास बसेना.

जीपची गोष्ट त्यानंतरची. एका विलायती इंजिनियरनं तिला किनाऱ्यावर बघितलं आणि जीप तिच्या बाजूनं पळवली. गाव जमलं. साहेब वेग वाढवत गेला आणि सोनी तिच्या लयीत जीपच्या पुढं निघून गेली, एकदाही वळून न बघता. साहेबानं उतरून टोपी काढली. तिच्यासाठी काढली हो, माझ्यासाठी नव्हे! पण कुठून आणली हे त्यानं मला विचारलं, आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, सगळ्या गावासमोर, वाचवल्याची गोष्ट सांगितली. त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. त्या दिवसानंतर ती गोष्ट माझ्या अंगाला चिकटली. मनोरच्या बाजारात ओळख नसलेली माणसं विचारायची, “कुत्रीवाले बाबू तुमीच काय?”

सिदूची चौकशी मी केली का? पालघर काही विलायतेत नाही. सुट्टीच्या दिवशी जाऊन येता आलं असतं. मी गेलो नाही. खरं सांगू? तो बरा होऊन येईल याची मला भीती वाटत होती. ह्याहून वाईटही मनात आलं असेल. ते मी स्वतःलाही नीट विचारलेलं नाही.

दिवाळी झाली. एका रविवारी, भर दुपारी, मी वाडीच्या तोंडाशी चिकूच्या फांद्या छाटत होतो. रस्त्यावरून एक माणूस येताना दिसला. काठी टेकत, चार पावलं चालून थांबत. डोक्याचे केस गेलेले. जवळ आल्यावर खांद्यावरच्या घोंगडीवरून मी ओळखला.

त्यानं मला अजून बघितलं नव्हतं. तेवढ्या वेळात मी काय केलं माहीत आहे? मी मागं फिरलो, ओटीवर झोपलेल्या सोनीला मानेला धरून नारळाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. ती निमूट आत गेली. माझ्यावर विश्वास होता तिचा. आई चुलीशी होती. तिनं दारातून बघितलं, माझ्याकडं आणि मग रस्त्याकडं, आणि तिला कळलं.

सिदू बोईसर स्टेशनापासून चालत आला होता. फाटकाशी उभा राहून त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं, फारच मोठ्यानं म्हणाला, “बाबू! माजी कुत्री तुमच्याकडं हाय म्हनं!”

मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं कानाला हात लावला. “जरा जोरात बोला. तापानं कान गेलं माजं.”

म्हणजे मला ते ओरडून सांगावं लागणार होतं. खोटं हळू आवाजात निभावून नेता येतं. मान खाली घालून, शब्द गिळून. मला ती सवलत मिळाली नाही. मी ओरडलो, “मेली!” तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी पुन्हा ओरडलो, “आठ दिवस झाले! मेली ती!” शेजारच्या वाडीत कुणीतरी काम थांबवून बघितलं. आणि माझ्या मागं, नारळाच्या खोलीत, आवाज सुरू झाला.

थाप. थाप. थाप. त्या खोलीत बियाणाची पत्र्याची पेटी होती. सोनी पेटीला पाठ लावून उभी असणार, आणि तिची शेपटी त्या पेटीवर वाजत होती. ती भुंकली नाही. रडली नाही. मालक बोलत असताना मध्ये आवाज करायचा नाही, ही त्यानंच तिला लावलेली शिस्त. पण त्याचा आवाज तिनं ओळखला होता, आणि शेपटीला कोण शिस्त लावणार? सगळ्या वाडीत ती थाप ऐकू येत होती. मला, आईला, बहुधा शेजारच्यालाही. ज्याच्यासाठी ती वाजत होती तो एकटा बहिरा झाला होता.

तो रडला नाही. खाली बघून त्यानं विचारलं, “कुठं पुरली?”

मी याचा विचारच केला नव्हता. हात आपोआप उठला आणि समोरच्या चिकूच्या नव्या कलमाकडं गेला. तिथं मातीचा ताजा उंचवटा होता. आता तुम्हाला माहीत आहे, आम्ही झाडांच्या बुडाशी खत म्हणून मासळी पुरतो. कलमाशी दोन पाट्या मासळी पुरून आठवडा होत आला होता. दरवळ सुटला होता, वर माश्या घोंगावत होत्या. आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरदेखील फसलं नसतं. पण सिदू माणदेशातला. झाडाला मासळी घालतात हे त्यानं कधी ऐकलंही नसेल. त्याला तो वास आला आणि त्याची खात्री पटली.

तो त्या उंचवट्याशी गुडघ्यांवर बसला. कंबरेची पिशवी सोडून त्यातला भंडारा — त्याच्या देवाची हळद — चिमूट चिमूट करून मातीवर वाहिला. मग घोंगडीतून लोकरीचा एक विणलेला पट्टा काढला, काळा-पांढरा, नवा. आजारातून उठताना बसल्या बसल्या विणला असावा. तो त्यानं मातीवर ठेवला, तिच्या मानेच्या मापानं गोल करून. आणि तळहात जमिनीवर ठेवून त्यानं हाक मारली, “हरणे!”

तिचं नाव मला त्या दिवशी कळलं. खोलीतली थाप एवढी वाढली की पेटीचं झाकण खडखडू लागलं.

मी सांगू शकलो असतो. अजूनही. दहा पावलं जाऊन कडी काढायची होती. आई पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली होती, त्याच्याजवळ उभी होती, आणि तो पाणी पीत असताना सबंध वेळ माझ्याकडं बघत होती. मी आईकडं बघितलं नाही.

तो उठला. मला म्हणाला, “जागंवर पुरलीसा. कोन करतं परक्याच्या जनावराचं? लई उपकार झालं, बाबू.” माझ्या पायांकडं वाकला. मी मागं सरलो, तर त्याला वाटलं मी मोठ्या मनानं नको म्हणतोय. मग काठी टेकत तो आल्या वाटेनं निघाला.

पुढचं मला आजही समजत नाही. त्याची पावलं मला ऐकू येईनाशी झाली, सुरूच्या झाडांआड तो दिसेनासा झाला, तरी शेपटी वाजतच होती. तिला ऐकू येत होतं. कुठवर येत होतं कोण जाणे — पाव मैल, अर्धा मैल? मी कडीला हात लावून उभा होतो. मग थाप हळू झाली. मधलं अंतर वाढत गेलं. मग एक वाजली, आणि खूप वेळानं आणखी एक, आणि मग नाही.

तो चालत गेला होता, हे लक्षात घ्या. आजारी माणूस, काठी टेकत. बोईसरला पोहोचायला त्याला संध्याकाळ होणार होती. तोपर्यंत कुठल्याही घटकेला मी दार उघडलं असतं, तर जीपला हरवणाऱ्या त्या जनावराला त्याला गाठायला कितीसा वेळ लागला असता? मी दाराशी बसून राहिलो. संध्याकाळच्या गाडीची वेळ टळली आणि मग मी कडी काढली.

दारावर आतून एक ओरखडा नव्हता. सोनी बाहेर आली, माझा हात हुंगला. मग नाक जमिनीला लावून फाटकापर्यंत गेली, तिथून कलमापर्यंत आली, आणि त्या उंचवट्यावर, भंडारा वाहिला होता तिथं, हनुवटी टेकून झोपली. खालच्या मासळीकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. थोड्या वेळानं उठली, तो लोकरीचा पट्टा तोंडात धरून माझ्याकडं घेऊन आली, माझ्या पायांशी ठेवला आणि मान खाली वाकवून उभी राहिली. पूर्वी रोज सिदू तिला पट्टा असाच बांधत असणार. मी बांधला. दुसरं काय करायचं हे मला सुचलं नाही. पुढं लोक विचारायचे, मी सांगायचो, मनोरच्या बाजारात घेतला.

आई त्या रात्री जेवली नाही. एवढंच म्हणाली, “मी गप रायले ती तुज्या अब्रूसाटी. माजं त्वांड विटाळलं रे.” त्यानंतर तिनं सोनीला स्वतःच्या हातानं जेवायला घातलं, शेवटपर्यंत, मला घालू दिलं नाही.

सिदूच्या गावाचं नाव माझ्या स्टोअरच्या वहीत होतं. एक कार्ड टाकायचं होतं. मुकादम सुट्टीवर त्याच बाजूला जायचा, त्याच्याकडं निरोप देता आला असता. वर्ष गेलं, दोन गेली. मी कार्ड टाकलं नाही, आणि गोष्ट मात्र सांगत राहिलो, दर वेळी थोडी रंगवून.

सोनी सात वर्षं माझ्याकडं होती. मला तिनं काही कमी केलं नाही. समुद्रावर पळाली, तापात माझ्या खाटेखाली बसून राहिली, माझ्या पोरीला शेपटी धरून चालायला शिकवलं. पण रोज दुपारी, सिदू आला होता त्या वेळेला, ती उठून कलमाशी जायची आणि तिथं निजायची. पावसात हळद केव्हाच वाहून गेली होती. मासळीची माती झाली होती. कलमाचं झाड झालं, त्याची सावली तिच्यावर पडू लागली. सात वर्षांत एक दुपार तिनं चुकवली नाही. अशी निष्ठा कुठून येते? मी त्या झाडाकडं बघायचो आणि मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं, आणि मी देवळात यायच्या लायकीचा नाही असंही.

‘हरणे’ अशी हाक मी तिला कधी मारली नाही. ती हाक माझी नव्हती, आणि तिचं काय होईल याची मला भीती वाटायची. शेवटच्या दिवशी मात्र ती ओटीवर पडून होती, चार दिवस अन्न नाही, डोळे मिटलेले. मी तिच्याजवळ बसलो होतो. सोनी, सोनी म्हणून बघितलं, कान हलला नाही. तेव्हा मी वाकून हळूच म्हणालो, “हरणे.”

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून फाटकाकडं बघितलं. आणि तिची शेपटी ओटीच्या लाकडावर वाजायला लागली. थाप. थाप. थाप. तोच आवाज. फाटकात कुणी नव्हतं. ती बघत राहिली, आणि शेपटी थांबेपर्यंत मीही तिकडंच बघत राहिलो.

तिला मी त्या झाडाखाली पुरली. गळ्यात तो पट्टा होता.